वासोट्याची ट्रिप, अवकाळी पाऊस आणि परतीची वेळ

व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून ट्रेकच्या धंद्याचा हिशोब इथं नीट मांडतो.

आपल्या बॅचमधल्या सांगलीच्या एका मुलानं एक दिवसाचे ट्रेक सुरू केले. पहिलीच ट्रिप वासोटा, डिसेंबरचा रविवार. रात्री २ वाजता सांगलीहून गाडी, सातारा-कास करत बामणोली, तिथून शिवसागर जलाशयातून बोटीनं मेट इंदवली. पुढं कोयना अभयारण्याची दाट झाडी. मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळं अंधाराआधी बोटीत बसावंच लागतं.

माणसं १४, माणशी १,३०० रुपये, जमा १८,२००. गाडी, बोट, प्रवेश फी, नाष्टा-जेवण मिळून खर्च १४,५००. हातात राहणार ३,७००.

डिसेंबरात पाऊस कोण धरतो? आपल्याकडं धरावा लागतो. २०२१ च्या डिसेंबरातल्या पहिल्या दोन दिवसांच्या अवकाळीनं द्राक्षबागांचं काय केलं, ते तासगावकरांना विचारा!

वासोट्याच्या झाडीत आभाळ नीट दिसतच नाही. साडेअकराला सरी सुरू झाल्या, पायवाटेवरून पाणी वाहायला लागलं, एका काकूंचा पाय मुरगळला. माथा अर्ध्या तासावर. सगळे म्हणायला लागले, "एवढं आलोय तर जाऊनच येऊ की." पोरानं सगळ्यांना मागं फिरवलं. मग एक काका म्हणाले, "ट्रेक झाला नाही, पैसे परत द्या." नियम कुठंच लिहिलेला नव्हता. माणशी ५०० परत दिले, म्हणजे ७,००० गेले. नफा सोडाच, ३,३०० खिशातून.

निर्णय शंभर टक्के बरोबर. फक्त तो वाटेत, भिजलेल्या गिऱ्हाइकांसमोर घ्यायची वेळ यायला नको होती.

१० मे १९९६, एव्हरेस्ट. तिथं पैसे घेऊन लोकांना शिखरावर नेणाऱ्या कंपन्या होत्या, काही गिऱ्हाइकांनी ६५,००० डॉलरपर्यंत मोजले होते. दुपारी २ नंतर मागं फिरायचं, हे त्यांना माहीत होतं. तरी काही जण २ नंतरही चढत राहिले. संध्याकाळी वादळ आलं. डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून ८ जण गेले, त्यात दोन कंपन्यांचे प्रमुखही होते. समोर पैसे भरलेला माणूस उभा असला की 'चला परत' म्हणणं किती जड जातं, बघा.

आता त्या मुलाच्या बुकिंग फॉर्मवर तीन ओळी आहेत: १२ वाजता जिथं असू तिथून परत. त्याआधीही पाऊस आला तर लीडरचा शब्द शेवटचा. बोट सुटल्यानंतर ट्रेक अर्धवट राहिला तर पैसे परत नाहीत, पुढच्या ट्रिपला माणशी ३०० सूट. या सवलतीचे पैसे तो आधीच दरात धरतो, त्यामुळं आता माणशी दर १,४५० झालाय. पैसे घ्यायच्या आधी तो या तीन ओळी फोनवर वाचून दाखवतो. दोघा-तिघांनी त्यावरून बुकिंग केलं नाही. चालतंय.

तुमचा धंदा मंडपाचा असो, केटरिंगचा असो, पाऊस आला तर काम कधी थांबवायचं आणि ॲडव्हान्सचं काय करायचं, हे आज वहीत लिहा. आकड्यासकट. पुढच्या व्हिडिओत आपण त्यातले दोन-तीन हिशोब तपासू.