पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : जनुकाची खूण वेळीच ओळखा



कपाशीच्या शेतात आपण कामगंध सापळे लावतो. सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग आले म्हणजे पीक गेले असे नव्हे. पण सतत तीन दिवस दररोज एका सापळ्यात ८ पतंग दिसू लागले, की बोंडे फोडून पाहावी लागतात व उपायाला लागावे लागते. बोंड वरून हिरवे दिसते म्हणून जो स्वस्थ बसतो, त्याच्या हाती वेचणीच्या वेळी किडका कापूस येतो.

माणसाच्या शरीरातही काही कॅन्सरांची अशी आगाऊ खूण मिळते. ही खूण जनुकात असते. आज आम्ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी लिहीत आहोत. आपल्याकडील बायका त्या जागेला पिशवीचे तोंड म्हणतात.

जनुक म्हणजे काय?

आपल्या शरीरातील पेशींत डीएनए नावाचा अतिशय बारीक व लांब धागा असतो. पेशीने काय बनवावे, केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, याच्या सूचना त्या धाग्यावर असतात. अशी एक सूचना म्हणजे एक जनुक, म्हणजेच जीन. पी-५३ नावाच्या जनुकापासून बनणारे प्रथिन राखणदाराचे काम करते. पेशीत बिघाड झाला तर ते तिची वाढ थांबवते. आरबी नावाचे दुसरे प्रथिन पेशीच्या वाढीला लगाम घालते.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक सर्व वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ साली या कॅन्सरच्या गाठींत १६ व १८ क्रमांकाचे एचपीव्ही दाखवून दिले. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची ई-६ व ई-७ ही दोन जनुके घातकी आहेत. पहिले जनुक राखणदाराला नष्ट करते व दुसरे लगाम तोडते. मग पेशी मोकाट वाढू लागतात.

हे एका दिवसात होत नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि त्यानंतरही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढा अवधी देवाने आपल्या हाती दिला आहे. तो वाया घालवू नये.

मराठवाड्यातील खेड्यांत काय दिसले?

उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचे धाराशिव) १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. त्या आपल्यासारख्याच खेड्यांतल्या. त्यांचे चार गट केले. एका गटाची विषाणूच्या डीएनएसाठी एकदाच तपासणी झाली. दोन गटांची इतर पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली.

आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. डीएनए तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कॅन्सरने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, अशी टीका पुढे झाली व ती रास्त आहे. त्या भगिनींमुळे मिळालेले ज्ञान आपण वापरले नाही, तर तो दोष मात्र आपला.

दुसरी साधी पद्धतही आहे. सिरक्यासारखे पातळ द्रावण लावून परिचारिका गर्भाशयमुख पाहते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात ही तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा झाली, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

खूण सापडली तर घाबरू नका

सापळ्यातला पतंग म्हणजे किडके बोंड नव्हे, तशी तपासणीतली खूण म्हणजे कॅन्सर नव्हे. डॉक्टर दुर्बिणीतून ती जागा पाहतात, गरज वाटल्यास छोटा तुकडा तपासतात. पेशी बिघडू लागल्या असतील तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो. त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, पण तो कित्येक वर्षे गुपचूप राहू शकतो. तो केव्हा व कोणाकडून आला हे तपासणीवरून कळत नाही. म्हणून त्यावरून पतीने पत्नीवर किंवा पत्नीने पतीवर संशय घेणे हा अन्याय आहे.

आपण काय करावे?

१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने, काही त्रास नसला तरी, तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. एचपीव्ही तपासणी जवळ होत नसेल तर सिरक्याची तपासणी तरी करावी व ती दर पाच वर्षांनी पुन्हा करावी.

२. दोन पाळ्यांच्या मध्ये, पाळी कायमची गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरकडे जावे. वेचणी संपण्याची वाट पाहू नये.

३. मुलींना ९ ते १४ वर्षांच्या वयात एचपीव्हीची लस द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली आहे. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करावी.

४. तंबाखू, गुडाखू सोडावे. तंबाखूने हा धोका वाढतो.

५. घरधन्याने आपल्या पत्नीला, मुलाने आपल्या आईला स्वतः घेऊन जावे.

शुभवर्तमानातील ती स्त्री आठवा. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. वैद्यांपायी जवळचे सारे संपले होते, आणि लाजेने ती गर्दीत लपत आली. प्रभूने तिला दटावले नाही. सर्वांसमोर मुलगी म्हणून हाक मारली व शांतीने घरी पाठवले. आपल्या घरातील कोणत्याही भगिनीला लाजेपायी बारा वर्षे थांबावे लागू नये. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चारचौघींनी मिळून तपासणीला जाण्याचा दिवस ठरवावा, अशी आमची विनंती आहे.