बाइकवर कॅमेरा लावताय? आधी माउंट बघा

मागच्या व्हिडिओत बाइक ट्रिपच्या शूटिंगबद्दल बोललो, पण माउंटचा विषय घाईत उरकला. तो इथे नीट लिहितो, कारण यात चूक माझीच झालेली आहे.

कळव्यात माझं बाइक अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. खारेगावचा एक मुलगा आला. शनिवार-रविवार ग्रुप घेऊन माळशेज, नाणेघाट अशा राइड काढायच्या, त्यांचे व्हिडिओ टाकायचे आणि त्यातून पुढची बुकिंग मिळवायची, असा त्याचा धंद्याचा विचार. कॅमेऱ्याला पैसे नव्हते. "दादा, सध्या फोनच लावतो," म्हणाला. मी हँडलचा साधा होल्डर काढून दिला, 350 रुपये. कल्याण-मुरबाड रस्त्याने तो तीन-चार वेळा माळशेजला जाऊन आला आणि एक दिवस फोन घेऊन दुकानात हजर. कॅमेरा उघडला की चित्र थरथरतंय, फोकस लागतच नाही. दुरुस्तीचे 9,000 झाले. अर्धे मी दिले, कारण विकताना मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.

झालं काय, तर बऱ्याच चांगल्या फोनमध्ये लेन्स घट्ट बसवलेली नसते. हात हलला तर ती उलट्या बाजूला सरकून चित्र स्थिर ठेवते. इंजिनाची बारीक, सतत थरथर हँडलमधून तिथे पोचली की ही यंत्रणा बिघडू शकते. अ‍ॅपलने सप्टेंबर 2021 मध्येच हे जाहीर सांगितलं होतं: मोठ्या इंजिनाच्या बाइकवर आयफोन थेट लावू नका, स्कूटरवर लावलात तरी थरथर शोषणारा माउंट वापरा. दुकानदार असून मी ते वाचलं नव्हतं.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं वेगळं असतं. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा360 यांच्यात हलणारी लेन्स नसते. सेन्सर हालचाल मोजतो आणि चित्राच्या कडा थोड्या कापून सॉफ्टवेअर ते स्थिर करतं. म्हणून ते बाइकवर टिकतात. पण कॅमेरा 30,000 चा आणि माउंट 200 चा, असं केलंत तर तुमचे 30,000 घाटातल्या एका खड्ड्यावर अवलंबून राहतात.

गंमत बघा, गोप्रोची सुरुवातच पट्ट्यापासून झाली. निक वुडमनला सर्फिंग करताना फोटो काढायचे होते, म्हणून त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा बनवला. 2004 मध्ये विकायला आणलेला पहिला कॅमेरा तर साधा 35 एमएम रोलचा होता.

आता लावायचा कुठे? बघणाऱ्याला सगळ्यात आवडतो तो हेल्मेटच्या हनुवटीवरचा अँगल. हँडल दिसतं, रस्ता दिसतो, तुम्ही मान वळवली की दरीही दिसते. पण हेल्मेटला भोक पाडायचं नाही, कधीच नाही. आयएसआय मार्कची चाचणी भोक न पाडलेल्या हेल्मेटची झालेली असते. शिवाय केरळमध्ये 2022 साली परिवहन खात्याने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर कारवाई सुरू केली होती. ग्रुप घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम आधी विचारून घ्या. माझं मत विचाराल तर नवशिक्याने छातीचा पट्टा घ्यावा. शरीरच थरथर खातं, हेल्मेटला हात लागत नाही. स्पोर्ट्स बाइकवर वाकून बसणाऱ्यांना मात्र त्यात फक्त टाकी दिसते.

क्रॅश गार्ड किंवा हँडलवर लावायचाच असेल तर धातूचा क्लॅम्प घ्या, प्लॅस्टिकचा नको. मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दांडी जितकी आखूड तितकं चित्र शांत. तीन-तीन जोड असलेली लांब दांडी दुकानात भारी दिसते, रस्त्यावर डोलते. चिकटवायचा पॅड असेल तर जागा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा, दाबून बसवा आणि 24 तास हात लावू नका. सकाळी निघताना पावसात चिकटवलेला पॅड मुरबाडपर्यंतही टिकायचा नाही. आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधा, बाइकच्या पक्क्या भागाला. 40 रुपयांची वस्तू आहे. निसटलेला कॅमेरा मागून येणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो, ग्रुप राइडमध्ये तो तुमचाच ग्राहक असतो.

कार्ड व्ही30 लिहिलेलंच घ्या. 100 एमबीपीएसने 4के शूट केलं तर तासाला साधारण 45 जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत भरतं. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर 50 हर्ट्झ ठेवा, नाहीतर रात्री रस्त्यावरचे दिवे लुकलुकताना दिसतात. आवाजासाठी छोटा माइक फोममध्ये गुंडाळून हेल्मेटच्या आत, किंवा सरळ घरी येऊन बोला.

विकत घ्यायची घाई करू नका. आधी दोन दिवस भाड्याने आणा. कळव्याहून शिळफाट्यापर्यंत खराब रस्त्याने एक फेरी मारा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, माउंट बदलून परत जा. घेताना बिल धंद्याच्या नावाने घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावरचा नंबर तपासूनच दुकानातून निघा.

तो खारेगावचा मुलगा आता भाड्याचा कॅमेरा छातीला बांधून राइड काढतो. फोन खिशात. आणि होल्डर मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो: बाइक कोणती, फोन कोणता?