दिलेले रुजले का?
खेळाच्या साहित्याच्या वाटपातून मिळालेला धडा

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा याविषयी बोलतो. या वेळी विषय वेगळा आहे, पण धडा शेतीतलाच आहे.

मागच्या वर्षी हंगाम संपता संपता आपण गटागटांतून घरात पडून असलेले खेळाचे साहित्य जमा केले. बॅटी, पॅड, चेंडू, फुटबॉल असा टेम्पो भरून आंबा घाट उतरलो आणि रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या गावाकडच्या एका प्राथमिक शाळेला तो पोचता केला. साहित्य तुम्ही दिले, तेव्हा त्याचे पुढे काय झाले हे तुम्हांला सांगणे माझे काम आहे.

यंदा शिमग्याला गावी गेलो, तेव्हा शाळेत डोकावलो. गुरुजींनी कपाट उघडले. लेदरचे चेंडू बुरशी येऊन काळे पडलेले, शिवण उसवलेली. दोन्ही फुटबॉल बसलेले, कारण हवा भरायचा पंप आम्ही दिलाच नव्हता. पॅडची जोडी मात्र नवीकोरी! शाळेतला सगळ्यांत मोठा मुलगा पाचवीचा. पॅड त्याच्या कमरेला लागते. शाळेचा पट तेरा. आणि ही तेरा पोरं बाहेर अंगणात माडाच्या झावळीच्या देठाची बॅट करून चिंध्यांच्या चेंडूने खेळत होती.

गुरुजी एवढेच म्हणाले, “साहेब, आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं.”

चूक शाळेची नाही, तुमचीही नाही. चूक वाटप करणाराची, म्हणजे माझी. ऊस लावायचा तर मी जमीन कोणती, पाणी किती हे आधी विचारतो. बेणे ९ ते ११ महिन्यांचे आहे का, डोळे चांगले आहेत का ते बघतो, बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लावू देत नाही. इथे मात्र टेम्पो रिकामा केला, फोटो काढला आणि परत आलो. म्हणून पुढच्या वेळेसाठी खालील गोष्टी ध्यानात ठेवू.

१. आधी पट विचारावा. क्रिकेट आणि फुटबॉलला एका बाजूला ११ गडी लागतात, खो-खोला ९, कबड्डीला ७. रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांचा पट विसाच्या आत आहे. तिथे अकराचा संघ कुठून आणायचा? अशा शाळेला रिंगा, दोरीउड्यांच्या दोऱ्या, रबरी चेंडू, बॅडमिंटनच्या रॅकेटी, लेझीम हे साहित्य उपयोगी. फुटबॉल द्यायचा तर माप बघून द्यावा : आठ वर्षांच्या आतील मुलांना ३ नंबर, आठ ते बारा वर्षांपर्यंत ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. पाच नंबरचा चेंडू दुसरीच्या पोराला म्हणजे कोवळ्या कोंबाला थोराचे खत.

२. हवापाणी बघावे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. बंद कपाटात कातडे टिकत नाही. जमीन जांभ्याची, तिच्यावर लेदरचा चेंडू सोलून निघतो. म्हणून रबरी किंवा सिंथेटिक साहित्य द्यावे आणि ते पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास द्यावे. पुढे थंडीत शाळांच्या क्रीडास्पर्धा असतात, तेव्हा ते हाताशी राहते.

३. नांग्या भरायची सोय ठेवावी. लागण झाली की काम संपत नाही, तसेच हे. पंप, हवा भरायची सुई, जादा नेट, बॅटीची मूठ बांधायला दोरा, हे बरोबर गेलेच पाहिजे. सहा महिन्यांनी कोणीतरी जाऊन बघून यावे.

४. सांभाळणारा माणूस आधी ठरवावा. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. पण ते तिथेच थांबले नाहीत. त्या पोरांना घेऊन २००१ साली त्यांनी ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केले. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला. चेंडू कोणीही देईल. त्यामागे उभा राहणारा माणूस लागतो.

५. घेणाऱ्याचा मान राखावा. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था शहरातले वापरलेले साहित्य खेडोपाडी देते, पण भीक म्हणून नव्हे. गावाने रस्ता, विहीर असे काही काम करायचे, त्याचा मोबदला म्हणून साहित्य घ्यायचे. आपणही पोरांना रांगेत उभे करून फोटो काढू नयेत. फाटके, तुटके साहित्य दान म्हणून देऊ नये. जे आपल्या मुलाच्या हातात देणार नाही, ते दुसऱ्याच्याही देऊ नये.

कोणी विचारील, सरकार देत नाही काय? २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली, तेव्हा क्रीडासाहित्यासाठी सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. त्यात काय काय बसेल ते तुम्हीच हिशेब करा. आणि साहित्य थोडे लागते म्हणून खेळ लहान ठरत नाही. दोन खांब आणि मोकळे मैदान एवढ्यावर चालणाऱ्या खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

आता त्या शाळेचे पुढे काय केले ते सांगतो. पॅड आणि मोठ्या बॅटी गुरुजींच्या संमतीने परत उचलल्या आणि तालुक्यातल्याच एका हायस्कुलाला दिल्या. तिथल्या मुलांना त्या मापात बसल्या. बुरशीचे चेंडू टाकूनच द्यावे लागले. त्यांच्या बदल्यात शाळेला लहान मापाचे दोन फुटबॉल, पंप, रिंगा आणि दोऱ्या पोचवल्या. पावसाआधी गुरुजींचा निरोप आला : एका फुटबॉलचा जांभ्यावर पार भुगा झाला, दुसरा पाठवा. खरे सांगतो, हा निरोप ऐकून बरे वाटले. चेंडू झिजला, म्हणजे पोरं खेळली.

मागे बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, “घाटाखाली कशाला, आपल्या दारातली पोरं कमी आहेत काय?” प्रश्न रास्त आहे. ऊसतोडणी मजुरांची मुले हंगामभर आपल्याच तळावर असतात आणि उसाच्या बैलगाड्या-ट्रॅक्टरांमध्ये खेळतात. म्हणून या हंगामात जमलेल्यातले निम्मे साहित्य तळावर आणि निम्मे घाटाखाली असे करू.

साहित्य दसऱ्यापर्यंत आपापल्या गट कार्यालयात द्यावे. चिठ्ठीवर वस्तू आणि माप लिहावे. पंप असेल तर तो आधी द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी