फायटर माशाची जोडी : सहवास आणि प्रजनन

मी अकरावीत असताना आमच्या घरी पहिला फायटर मासा आला. निळ्या रंगाचा, मोरपिसाऱ्यासारखे पर असलेला तो नर काचेच्या बरणीत एकटाच फिरत असे. "एकटा जीव किती दिवस राहील रे? जोडी आण त्याला," असे आजी म्हणाली. मलाही ते पटले. दुसऱ्याच दिवशी मी एक मादी आणली आणि सरळ त्याच बरणीत सोडली. सकाळी पाहतो तो मादीच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या. संध्याकाळी ती तळाशी निपचित पडली होती. आम्ही दोघांनीही दयाबुद्धीने जे केले, त्यानेच तिचा जीव गेला. असे का झाले, या प्रश्नामागे लागून जे शिकलो ते येथे मांडत आहे.

हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा. तेथील भातखाचरे, दलदली आणि गवताने भरलेले उथळ, संथ पाणी हे त्याचे घर. थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात. अर्थ, चावणारा मासा. 1910 साली टेट रीगन या शास्त्रज्ञाने त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे कोंबड्यांच्या झुंजी लावीत, तशा तेथे या माशांच्या झुंजी लावून पैजा मारल्या जात आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जास्त भांडखोर नर निवडून वाढविले गेले. 2019 साली थायलंडने यालाच आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

या माशाला कल्ल्यांखेरीज 'लॅबिरिंथ' नावाचा आणखी एक श्वसनाचा अवयव असतो. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. यावरून त्याला जागा लागतच नाही, असा समज रूढ झाला आहे. परंतु तग धरणे वेगळे आणि नीट जगणे वेगळे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नर मादीवर का तुटून पडतो? नर आपल्या घरट्याभोवतीचा पाण्याचा तुकडा राखतो. त्यात दुसरा मासा आला की तो पर फुलवतो, कल्ल्यांची झाकणे उभारतो आणि चाल करून जातो. अंडी घालण्यास तयार नसलेली मादीही त्याच्या दृष्टीने परकीच. भातखाचरात अशी मादी गवतात शिरून निसटते आणि भांडण तेथेच संपते. बरणीत मात्र तिला पळायला वाटच नसते. म्हणजे भांडण निसर्गाचे, पण मृत्यू आपल्या काचेचा! तेव्हा नर आणि मादी कायम एकत्र ठेवू नयेत, हा पहिला नियम. दोन नर तर कधीच एकत्र ठेवू नयेत.

पिले हवी असतील तर दोघांची भेट थोड्या वेळापुरती आणि पूर्वतयारीने घडवून आणावी लागते. मादीचे पर आखूड असतात आणि पोटाखाली एक पांढरा ठिपका दिसतो. आठ-पंधरा दिवस दोघांना वेगवेगळे ठेवून डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य द्यावे. मग एका पसरट टाकीत चार-पाच इंच पाणी घ्यावे. नळाचे पाणी असल्यास ते दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे. तापमान 26 ते 28 अंश सेल्सिअस असावे. मादीला लपण्यासाठी पाणवनस्पती भरपूर घालाव्यात. देशी बदामाचे एखादे वाळके पान टाकले तर उत्तम; त्याखाली नर घरटे बांधतो.

नराला टाकीत सोडावे. मादीला मात्र लगेच मोकळी सोडू नये. कंदिलाची काच पाण्यात उभी करून तिच्या आत मादी ठेवावी, म्हणजे दोघे एकमेकांना पाहतील, पण चावणार नाहीत. नर तोंडाने चिकट बुडबुडे सोडून पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधू लागतो. मादीचे पोट फुगलेले असले, अंगावर उभे पट्टे उमटले आणि ती डोके खाली करून नराकडे वळू लागली, की ती तयार झाली असे समजावे. मगच काच उचलावी.

थोडाफार पाठलाग होतोच. नंतर घरट्याखाली नर आपले शरीर मादीभोवती वळवून तिला विळखा घालतो. काही क्षण दोघेही अचेत होतात आणि बारीक पांढरी अंडी खाली झरतात. नर ती एकेक तोंडात झेलून घरट्यात ठेवतो. असे कित्येक तास चालते. हे आटोपताच नर मादीला हाकलू लागतो. त्याच क्षणी तिला अलगद बाहेर काढावे.

येथून पुढचे सर्व संगोपन एकट्या नराचे. ज्या तोंडाने त्याने मादीचे पर फाडले असते, त्याच तोंडाने तो घसरलेले प्रत्येक अंडे पुन्हा जागेवर ठेवतो. 24 ते 48 तासांत अंडी फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिले आडवी पोहू लागली की नरालाही वेगळा करावा, नाहीतर तो पिलांना खाण्याचा संभव असतो. पिलांना प्रथम कोबीचे पान कुजवून तयार केलेल्या पाण्यातील सूक्ष्मजीव द्यावेत, आठवड्याभराने आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिले. लॅबिरिंथ अवयव तयार होण्याच्या काळात टाकीवर झाकण हवे, म्हणजे पाण्यावरची हवा उबदार राहते.

एका वेळी शेकडो पिले होऊ शकतात. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात साठएक जगली. तिसऱ्या महिन्यात नर एकमेकांवर धावून जाऊ लागले आणि प्रत्येकाला वेगळे भांडे देताना आईच्या लोणच्याच्या बरण्याही कामी आल्या. एवढी भांडी, एवढे पाणी बदलणे आणि पिले घेणारी माणसे यांची सोय आधी नसेल, तर या खटाटोपात पडूच नये. जास्तीचे मासे विहिरीत किंवा तळ्यात सोडणे हा तर मुळीच उपाय नव्हे. ते परके मासे आहेत आणि त्या पाण्यात आधीच नांदणारे जीव आहेत.

माझ्या टेबलावर आज नर आणि मादी दोन निरनिराळ्या टाक्यांत आहेत आणि मध्ये एक पुठ्ठा उभा केलेला आहे. आजीने मध्यंतरी विचारले, "पुन्हा वेगळे का रे ठेवलेस त्यांना?" मी म्हटले, "दोघेही जगावेत म्हणून." यावर ती काही बोलली नाही. पण परवा टेबल पुसताना पुठ्ठा पडला, तेव्हा तो उचलून तिनेच पुन्हा जागेवर उभा केला.