सल्लागार म्हणजे प्रशासक नव्हे

प्रश्न : शनिशिंगणापूरजवळच्या गावात आमचं छोटं चर्च आहे. हंगामाच्या सणातल्या लिलावाच्या हिशेबावरून कमिटीत दोन तट पडलेत. बाहेरचा सल्लागार आणावा, तर काही म्हणतात, ‘देवस्थानासारखं चर्चही सरकारकडे जाईल.’ काय करावं?

उत्तर : ही भीती सोडा. शिंगणापूर देवस्थानासाठी २०१८ मध्ये विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला, तो कुणी सल्लागार नेमला म्हणून नव्हे. सल्लागार फक्त सल्ला देतो. निर्णय, सह्या आणि जबाबदारी कमिटीकडेच राहते. उलट घरातला वाद घरात मिटत नसेल, तर तो बाहेरचेच मिटवतात. शिंगणापूरचा चौथरा महिलांना ८ एप्रिल २०१६ रोजी खुला झाला, तो आंदोलन आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. तेव्हा माणूस निवडणं तुमच्या हातात आहे तोवर निवडा.

‘घरचं चव्हाट्यावर कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे, पण लिलावाची वही पेन्सिलीने लिहिलेली असेल, तर चव्हाटा दूर नाही! आधी वरिष्ठ मंडळाला कळवा. मग कुणाचा नातलग नसलेला, दोन्ही तटांना चालणारा माणूस ठरवा. काम, मुदत, मानधन लेखी घ्या. आकड्यांचाच प्रश्न असेल तर सनदी लेखापाल पुरे. मात्र अपहाराचा संशय असेल, तर सल्लागारावर वेळ घालवू नका. नोंदणीकृत न्यास असल्यास मंदिराप्रमाणेच चर्चलाही १९५०चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा लागू आहे. थेट धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. चर्चची जमीन विकायचा सल्ला कुणी दिलाच, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय इसारसुद्धा घेऊ नका.