मुंबई ते लंडन : विमानाचे तास आणि आंब्याचे तास

"विमान दहा तासांत लंडनला पोहोचते, मग तिथे फळ मऊ का निघाले?" हापूस परदेशी पाठवू लागलेले बागायतदार हा प्रश्न हमखास विचारतात. त्यासाठी आधी अंतर समजून घेऊ.

मुंबई आणि लंडनचा हीथ्रो या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ७,२०० कि.मी. आहे. ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, इराण आणि कॅस्पियन समुद्रावरून जाताना दिसेल. विमान मात्र नेहमी या दोऱ्यावरूनच जाईल असे नाही. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा वळसा घ्यावा लागला. दोन्ही वेळा आंब्याचा हंगाम सापडला.

ताशी ९०० कि.मी. वेगाने हिशेब आठ तासांचा होतो. पण चढणे, उतरणे, धावपट्टीपर्यंत जाणे आणि मार्गातील वळणे यांत वेळ जातो. शिवाय दहा-बारा कि.मी. उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला नऊ ते दहा तास आणि यायला साधारण तासभर कमी लागतो.

घड्याळाने फसू नका. मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. रात्री २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी तेथे सकाळी ७.३० ला उतरते. कागदावर साडेपाच तास दिसतात. फळाचे मात्र दहा तास गेलेले असतात.

आता खरा हिशेब. समजा, सोमवारी सकाळी रत्नागिरीजवळ फळ काढले. दिवसभर प्रतवारी, रात्री ट्रकने वाशी. फळमाशीमुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती २०१५ च्या आरंभी उठली. त्यानंतर फळे ४८ अंश सें. गरम पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया रूढ झाली. मंगळवार ही प्रक्रिया, सुकवणे, थंड करणे, तपासणी व प्रमाणपत्र यांत जातो. विमानाच्या कित्येक तास आधी माल विमानतळावर द्यावा लागतो. बुधवारी पहाटे उड्डाण, लंडनला सकाळ. जकात आणि तपासणी होऊन दुकानात गुरुवार. बहात्तर तासांतले विमानाचे फक्त दहा! उरलेले सगळे जमिनीवरचे, आणि त्यांतले पहिले आपल्या हातातले.

म्हणून चौदा आणे, म्हणजे सुमारे ८५ टक्के तयार फळच देठासह काढा. पाडाचे फळ स्थानिक बाजारालाच ठेवा. त्याच्या मागे विमानभाडे घालणे हा शुद्ध तोटा आहे. काढणी उन्हापूर्वी आटोपा, क्रेट सावलीत ठेवा आणि काढणीची तारीख-वेळ प्रत्येक क्रेटवर लिहा. प्रक्रियेनंतर १३ अंश सें. ला थंड केलेला माल पुन्हा उन्हात पडला, तर खोक्यांना पाणी सुटते आणि आधीची सारी मेहनत फुकट जाते.

निर्यातदाराला उड्डाणाची वेळ विचारताच, त्याबरोबर विमान थेट आहे का हेही विचारा. आखातातल्या विमानतळावर माल बदलणार असेल, तर तो तेथे किती तास आणि शीतगृहात की उघड्यावर राहणार, हे क्रेट ट्रकमध्ये चढण्यापूर्वी माहीत करून घ्या.