दोनशे ग्रॅम जवळा

आमच्या गावात मासे सुकवतात. हे सर्वांना माहीत आहे, कारण शाळेत येताना वाटेत वास येतोच. पण सुकलेला मासा मोजून पिशवीत कसा भरतात आणि पिशवीचे तोंड कसे बंद करतात हे पुष्कळांना माहीत नाही. माझी आई बचत गटात आहे. गटाने गेल्या दिवाळीनंतर वजनाचा काटा आणि पिशव्यांची तोंडे चिकटवायचे मशीन घेतले. ते आमच्या पडवीत ठेवले आहे. म्हणून गुरुजींनी हा पाठ मला लिहायला सांगितला.

आधी मासा सुकतो कसा ते लिहिते. ओल्या बोंबलात खूप पाणी असते. शंभर भाग धरले तर 85 ते 90 भाग नुसते पाणी. म्हणून तो हातात धरला तरी लुळा पडतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती वलांडीवर टांगतात. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात ती. वर्सोवा आणि उत्तन इथेही अशाच वलांड्या आहेत. बोंबलाला मीठ लावत नाहीत, ऊन आणि वारा पुरतो. दहा किलो ओले बोंबील टांगले तर दीड किलोच्या आसपास सुके हाती येतात. बांगड्याला मात्र मीठ लावावेच लागते, कारण तो जाड आणि तेलाचा मासा आहे. जवळा फार बारीक, तो टांगता येत नाही. तो जमिनीवर पसरतात. आमच्याकडे पूर्वी वाळूवरच पसरत. मग आमटीत दाताखाली कचकच लागायची. आता खाली जाळे अंथरतात.

पाणी गेले की मासा टिकतो, कारण बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागते. पण सुका मासा हवेतले पाणी परत ओढून घेतो. चैत्र-वैशाखात कडकडीत असलेला जवळा आषाढात मऊ पडतो, मग त्याला बुरशी येते. काळे किडेही लागतात, ते बोंबील आतून पोखरतात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, ओला मासा मिळत नाही, आणि नेमकी तेव्हाच सुक्याची गरज जास्त. म्हणून पिशवी पाहिजे.

आमची आजी पूर्वी बाजारात सुकट विकायची. तिच्याकडे शेराचे पितळी माप आहे. माप भरले की ती वरून एक चिमूट टाकायची. माप शीग लावूनच द्यायची आणि वर पुन्हा चिमूट. मशीन आले तेव्हा ती आईला म्हणाली, “वर चिमूट नाय टाकली तं गिऱ्हाईक परत येल का?” आई म्हणाली, “पिशवीवर 200 ग्रॅम छापलंय, तेवढं बरोबर भरलं की झालं.” आजी काही बोलली नाही, पण तिला पटले नव्हते हे मला कळले.

आता काट्याचे सांगते. आमचा काटा विजेवर चालतो आणि त्यावर लाल आकडे येतात. आधी रिकामे ताट ठेवायचे. आकडा दिसतो तो ताटाच्या वजनाचा. मग एक बटण दाबून तो शून्य करायचा, म्हणजे ताटाचे वजन धरले जात नाही. मग जवळा घालायचा. हे विसरलो तर गिऱ्हाइकाला आपण ताट विकले असे होते.

मे महिन्यात एकदा आईने मला पाच किलो जवळा दिला. तो चाळून, रेव आणि शिंपल्याचे तुकडे काढून साफ केलेला होता. मला दोनशे-दोनशे ग्रॅम करून द्यायचे होते. 5000 भागिले 200 म्हणजे 25 पिशव्या. मी 25 पिशव्या मोजून बाजूला ठेवल्या. चोवीस भरल्या आणि पंचविसावीत घालायला उरला फक्त 8 ग्रॅम. मूठभरसुद्धा नाही. मला वाटले मांजराने खाल्ला. आजी हसली आणि म्हणाली, “मांजर नाय गो, तुझाच हात.”

झाले असे होते की आकडा 200 च्या पुढे गेला की मी थांबत होते. कधी 205 व्हायचे, कधी 212. थोडेसेच आहे म्हणून मी काढत नव्हते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हेच गणित फळ्यावर घातले. चोवीस पिशव्यांत 4800 ग्रॅम जायला हवे होते. गेले 4992. जास्त गेले 192. भागिले 24, म्हणजे प्रत्येक पिशवीत सरासरी 8 ग्रॅम जास्त. आठ ग्रॅम म्हणजे आजीची एक चिमूट. पंचवीस पिशव्यांमागे एक आख्खी पिशवी गेली आणि तिची किंमत 80 रुपये होती.

कमी भरणेही चालत नाही. छापलेल्या वजनापेक्षा माल कमी निघाला तर तो गुन्हा आहे. म्हणून आई आता 201 किंवा 202 वर थांबते. शेवटचे दोन-चार ग्रॅम चमच्याने घालते. त्याला वेळ लागतो. एका पिशवीला जवळजवळ एक मिनिट जाते.

मोठ्या कारखान्यात हे काम फार मोठे मशीन करते. गुरुजींनी ते आम्हाला मोबाइलवर दाखवले. जपानच्या ईशिदा कंपनीने 1972 साली असे पहिले मशीन काढले. तिथल्या शेतकऱ्यांना ढोबळ्या मिरच्या सारख्या वजनाने पिशवीत भरायच्या होत्या. मिरच्या काही लहान, काही मोठ्या. एक काढून दुसरी घालत बसले तर दिवस जातो. आपल्या बोंबलाचेही तेच.

या मशीनच्या वर एक थरथरणारी टोपी असते. तिच्यावर माल पडला की तो चारी बाजूंना पसरतो आणि गोलात लावलेल्या लहान डब्यांत पडतो. प्रत्येक डब्याला स्वतःचा काटा असतो. कोणत्याच डब्यात दोनशे ग्रॅम नसते. मग मशीन हिशेब करते की कोणकोणते डबे एकत्र केले तर दोनशेच्या सर्वांत जवळ जाईल. तेवढ्याच डब्यांची दारे उघडतात आणि बाकीचे गप्प राहतात.

हे आम्हाला आधी कळले नाही. मग गुरुजींनी पाच वाट्यांत जवळा घातला आणि प्रत्येकीत चिठ्ठी टाकली. चिठ्ठ्यांवर 62, 71, 55, 83, 48 असे आकडे होते. तीन वाट्या घेऊन बरोबर दोनशे करा म्हणाले. आम्ही आधी 71, 83 आणि 48 घेतले, ते 202 झाले. दोन जास्त. मग मागच्या बाकावरून एकजण ओरडला, “62, 55 आणि 83!” बेरीज बरोबर 200. तो मुलगा गणितात कधी बोलत नाही, पण त्याचा बाबा नाखवा आहे आणि मासळीचे वाटे तो रोज करतो.

पाच वाट्या एकीने, दोन-दोन, तीन-तीन अशा सगळ्या तऱ्हांनी घेतल्या तर 31 प्रकार होतात. सहावी वाटी आली की 63. दर वाटीला दुप्पट आणि वर एक. दहा डब्यांचे 1023 प्रकार होतात. मशीन हे सगळे क्षणात तपासते. आम्ही पाच वाट्यांना अर्धा तास घेतला.

त्या कारखान्यात पिशवीही तिथेच तयार होते. प्लॅस्टिकच्या कापडाचे मोठे रीळ असते. ते एका नळीभोवती गुंडाळले जाते, उभी शिवण गरम करून चिकटते, खालचे तोंड चिकटते, नळीतून माल पडतो, वरचे तोंड चिकटते आणि सुरी पिशवी तोडते. एका पिशवीचे वरचे तोंड आणि पुढच्या पिशवीचे खालचे तोंड एकाच दाबाने बंद होते. हे मला फार आवडले.

आमच्या पडवीतले मशीन लहान आहे. त्याला एक दांडा आहे आणि खाली तारेची चपटी पट्टी. पट्टीवर खाकी रंगाचे गुळगुळीत कापड असते, म्हणजे प्लॅस्टिक तारेला चिकटत नाही. पिशवीचे तोंड पट्टीवर सरळ ठेवून दांडा दाबायचा. दिवा लागतो, तार तापते, दिवा जातो. दिवा गेला तरी लगेच दांडा सोडायचा नाही, मनात एक-दोन-तीन म्हणायचे. तेवढ्यात वितळलेले प्लॅस्टिक थंड होऊन घट्ट बसते. आई मला दांड्याला हात लावू देत नाही, भाजते म्हणून. मी भरायचे काम करते.

पिशवी जळत कशी नाही, हे मी विचारले होते. आमची पिशवी दोन थरांची आहे. आतला थर पॉलिथीनचा, तो सुमारे 110 अंशाला वितळतो. बाहेरचा पॉलिएस्टरचा, तो सुमारे 250 अंशापर्यंत वितळत नाही. म्हणून आतले चिकटते आणि बाहेरचे तसेच राहते.

काही ठिकाणी पिशवीतली हवा ओढून घेणारे मशीन असते. गटातल्या बायका म्हणाल्या ते घेऊ या का. पण हवा ओढली की पिशवी माशाला घट्ट बसते आणि सुक्या बोंबलाची हाडे तिला टोचतात. बारीक भोक पडले तर सगळेच फुकट. जवळ्याच्या डोक्यालाही काटा असतो. म्हणून ते घेतले नाही. मला वाटते बरेच झाले.

आता जे लिहायला नको वाटते ते लिहिते. जूनच्या सुरुवातीला आमच्या 40 पिशव्या तालुक्याच्या दुकानात गेल्या. पाऊस सुरू झाला आणि तीन आठवड्यांनी त्यांतल्या 9 परत आल्या. आतला जवळा मऊ पडला होता आणि दोन पिशव्यांत पांढरी बुरशी होती. आईने एक पिशवी उजेडासमोर धरली. चिकटवलेल्या पट्टीत जवळ्याच्या मिशा अडकल्या होत्या. केसासारख्या बारीक. मिशी जिथे होती तिथे दोन थर एकमेकांना चिकटलेच नव्हते आणि तेवढ्या वाटेने हवा आत जात होती. त्या दिवशी पिशव्या मी भरल्या होत्या. हातानेच भरल्या होत्या आणि पिशव्यांच्या तोंडाला जवळ्याची पूड लागली होती. मला ती दिसली होती. पण खेळायला जायचे होते म्हणून मी पुसली नाही. 9 गुणिले 80 म्हणजे 720 रुपये.

आई मला ओरडली नाही. गटाच्या बैठकीत मात्र तिला सांगावे लागले, तेव्हा मी दाराआड उभी होते. ती म्हणाली, “चूक आमच्या घरची आहे, भरून देईन.” माझे नाव घेतले नाही. तो जवळा आजीने माडाच्या आळ्यात पुरला.

दुसऱ्या दिवशी आजीनेच युक्ती काढली. तिने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा वाकवून रुंद नळीचे नाळके केले आणि त्याच्या कडा ठोकून बोथट केल्या. ते पिशवीत आतपर्यंत जाते, म्हणजे जवळा तोंडाला लागत नाही. त्यानंतर कोरड्या फडक्याने आतून तोंड पुसायचे. ओल्या नाही, कोरड्याच. मग चिकटवायचे. दर दहा पिशव्यांतली एक बादलीतल्या पाण्यात दाबून धरायची. बुडबुडा आला तर ती आणि तिच्या आधीच्या नऊ पुन्हा तपासायच्या. ही परीक्षा मी घेते. आजपर्यंत चार नापास झाल्या.

पिशवीवर काय काय लिहिलेले असते तेही पाहावे. वजन, किंमत, भरल्याची तारीख, कोणी भरले त्यांचा पत्ता आणि 14 आकडी परवाना क्रमांक. एका चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, म्हणजे हे मांसाहारी आहे. पूर्वी तिथे तपकिरी गोल असायचा. 2020 च्या नियमाने त्रिकोण आला.

चिमटीचा प्रश्न राहिला होता. आजी म्हणाली, पिशवीत नको तर नको. आता बाजारात ती पिशव्यांजवळ एक ताट घेऊन बसते. ताटात सुटा जवळा असतो. जो पिशवी घेईल त्याला ती चिमूटभर हातावर देते आणि म्हणते, “खाऊन बघ, वाळू लागतेय का.” ताट रिकामे होते पण पिशव्याही संपतात, म्हणून आई हिशेबात ताट वेगळे लिहिते.

शाळा सुरू झाली त्या दिवशी आम्ही एक प्रयोग मांडला. बरोबर 200 ग्रॅम जवळा तीन ठिकाणी घेतला. पहिला कागदात बांधला. दुसरा पिशवीत घालून तोंड न पुसता चिकटवला. तिसरा तोंड पुसून चिकटवला. तिन्ही वर्गाबाहेरच्या वाशाला टांगले, उंच, कारण शाळेत मांजर येते. एका महिन्याने वजन केले. कागदाचे आणि पिशवीचे वजन वजा केले. पहिला 213 ग्रॅम, दुसरा 206, तिसरा 200. पहिल्यात 13 ग्रॅम वाढले, ते मासे नव्हेत, पाणी. कागदातला जवळा विकत घेणारा त्या पाण्याचेही पैसे देतो.

तिन्ही पुन्हा टांगले आहेत. ते नारळी पौर्णिमेला सर्वांसमोर उघडणार आहोत. पालकांनी खालून पाहावे, क्रमांक लिहिलेले आहेत. कृपया हात लावून दाबून पाहू नये, दुसऱ्या क्रमांकाची पिशवी आधीच एकदा दाबली गेली आहे.